सुंदररावांची जीभ

मांजरसुंब्याच्या फाट्यावर मोहनरावांचं परमिट रूम होतं. सुंदररावांची जुनी मॅटाडोर तिथं येऊन थांबली की आत बसलेली गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून बसायची. पुढं काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं, तरी बघायला मजा यायची.

सुंदरराव खोकं उतरवायचे. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, अंगात पांढरा सदरा. बाटली धोतराच्या सोग्यानं पुसून ती उजेडाकडं धरायचे, बूच काढून नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. "जांभळाचा वास हाय, अन खालून ओल्या मातीचा," असं शांतपणे सांगायचे आणि बाटली मागं उभ्या असलेल्या मेहुण्याकडं द्यायचे. मेहुणा तानाजी. तो ग्लासात दोन बोटं ओतायचा, तोंडात घोळवायचा, गिळायचा, जरा थांबायचा आणि मग निकाल द्यायचा. सुंदररावांची वाइन सुंदररावांच्या जिभेला कधी लागलीच नव्हती.

"मालक, एक सांगा," मोहनराव दर खेपेला विचारायचे, "हलवाई मिठाई खात न्हाई, कारण कंटाळलेला असतो. तुमी कावून पीत न्हाई?"

"गळ्यात माळ हाय, मोहनराव."

"मग बनविता कावून?"

"बनवायला माळ आडवी येत न्हाई. महाराजांना इचारून घेतलंय."

"काय म्हणले महाराज?"

"म्हणले, सुईण बाळ हातात घेती, घरी नेत न्हाई. तसं कर."

यावर खुर्च्यांवरून हसू उसळायचं. एखादा ट्रकवाला तानाजीकडं बघून म्हणायचा, "काय बे जिभे, आज चव काय म्हणती?" रस्त्यावर तानाजीला याच नावानं ओळखत. परळीच्या वीज केंद्राच्या साहेबांपासून माजलगावच्या कारखान्याच्या खानसाम्यापर्यंत सगळे म्हणायचे, सुंदररावांची जीभ आली. तानाजीही हसायचा. सांगायचंच झालं तर एवढंच सांगायचा, "यंदा पहिल्यापेक्षा मऊ हाय. घशाला लागत न्हाई."

द्राक्षाच्या वाइनसाठी सरकारनं नवं धोरण आणलं त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. परवाना मिळणं सोपं झालं होतं. नाशिककडं मोठमोठे लोक धंद्यात उतरले, बीडकडं मात्र हा एकटाच माळकरी. चौसाळ्याजवळ डोंगराच्या उताराला त्यांची काळी द्राक्षं होती. शिबिराला जाऊन ते शिकून आले, बंद पडलेल्या दूध डेअरीच्या स्टीलच्या टाक्या आणल्या, गोठ्याशेजारी शेड टाकली. रसातली साखर मोजायची काचेची नळी, ऊब मोजायची पाऱ्याची नळी, आपलं नाक आणि मेहुण्याची जीभ, एवढ्यावर कारखाना चालायचा. लेबलवर नाव टाकलं होतं, 'बालाघाट'.

वाइन विकणं म्हणजे आपल्याकडं उलट्या वाऱ्यात उफणणं होतं. ट्रकवाल्यांना रम हवी. एकानं अख्खी बाटली संपवून सांगितलं, "दादा, एवढी पिऊन बी बायकोची आठवण जाईना. मग ही कशाला प्यायची?" वकील लोक विचारायचे, हे औषध आहे का. अंबाजोगाईचे डॉक्टर तेवढे समजून प्यायचे आणि पुन्हा मागवायचे. माल न्यायचा सरकारी पास काढायचा, गाडी भरायची, फाट्याफाट्यावर बुचं उघडायची, बोलणी खायची, पुढं निघायचं.

पण सुंदररावांना रस्ता कधी जड गेला नाही, कारण रस्त्याच्या टोकाला कीर्तन असायचं. कोणत्या गावी कधी सप्ताह बसतोय, कोणाचं कीर्तन आहे, हे आधी पाहायचे आणि त्यावरून माल कुठं न्यायचा ते ठरवायचे. दिवसभर धंदा करायचा आणि दिवे लागले की हातपाय धुऊन मांडवात. ज्यांच्या हातून माळ घेतली ते महाराज जवळपास असले तर सुंदरराव त्यांच्या मागं टाळ घेऊन उभे राहात. कीर्तन ऐकणाऱ्याला माहीत असतं, पहिला अर्धा तास रंग भरत नाही. चाल घोळत राहते, टाळकरी एकमेकांकडं बघत राहतात. मग कधीतरी मृदंगाची थाप आणि महाराजांचा शब्द एका जागी पडतो आणि सगळ्या मांडवाच्या अंगावरून काहीतरी सरकत जातं. त्या घडीला सुंदररावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि दिवसभराच्या टोमण्यांचं काही उरत नसे.

गाडी मांडवापासून लांब, लिंबाखाली उभी करायची, वर ताडपत्री टाकायची. तानाजी गाडीतच थांबायचा. माल राखायला कुणीतरी हवं होतं, आणि दिवसभर चाखून तोंडाला वास असायचा. तसल्या तोंडानं मांडवात कसं जायचं. कर्ण्यातून येईल तेवढं कीर्तन तो सीटवर पाय घेऊन ऐकायचा. परतताना सुंदरराव विचारायचे, "ऐकलंस का रे, आज काय दृष्टांत दिला?" तानाजी म्हणायचा, "ऐकलं, दाजी."

त्या साली सगळं जुळून आलं होतं. थंडी वेळेवर पडली, द्राक्षं काळीशार झाली, टाकीत रस शांतपणे फसफसला. औरंगाबादच्या एका बड्या हॉटेलवाल्यानं कुणा डॉक्टरकडं 'बालाघाट' चाखली होती. त्याचा निरोप आला: नवी टाकी चांगली निघाली तर सगळी मीच घेतो, यादीत तुमच्या गावाचं नाव छापतो. सुंदररावांना बाकी कशाचं नाही, त्या छापील नावाचं वेड लागलं. आपल्या उतारावरची वाइन, जाणत्या लोकांच्या टेबलावर, आपल्या नावानं. फाट्यावरचे टोमणे खाल्ले ते एवढ्यासाठीच होते.

टाकी उघडली तेव्हा त्यांच्या नाकानं कौल दिला होता. असा वास आजवर आला नव्हता. त्यांनी ग्लास तानाजीपुढं केला आणि कीर्तनात महाराज अभंगाचं पहिलं चरण उचलायच्या आधी जसा श्वास धरतात, तसा धरला.

तानाजीनं घोट घेतला, गिळला आणि थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला.

"दाजी, वास बरा हाय. पण मागून कडू यायलंय."

"किती कडू?"

"कारल्यागत न्हाई. लिंबाचा पाला चावल्यावर बऱ्याच वेळानं जिभेच्या मुळाशी ऱ्हातंय न्हाई का, तसं."

सुंदररावांनी पुन्हा पुन्हा नाकाशी नेलं. आंबली असती तर नाकाला कळलं असतं, सडली असती तरी कळलं असतं. कडूपणाला वास नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखवली. तानाजी मान खाली घालून म्हणाला, "हायच."

दुसऱ्या कुणाला चाखायला देणं काही अवघड नव्हतं. मोहनरावांनी आनंदानं सांगितलं असतं. पण 'बालाघाट' कडू निघाली ही बातमी फाट्यावरून परळीला गाडीच्या आधी पोचली असती. आणि खरं म्हणजे तो विचार सुंदररावांच्या मनात फार टिकलाच नाही. बायकोच्या सख्ख्या भावानं सांगितल्यावर परक्याच्या जिभेवर ती गोष्ट तोलून बघायची, हे त्यांना घरात बसून घरच्यांची झडती घेण्यासारखं वाटलं. भोळा माणूस. माणसानं भोळं असू नये असं महाराज कीर्तनात कधी सांगत नाहीत, हीही एक अडचणच आहे.

मग तानाजीनंच एक सोलापूरचा व्यापारी आणला. म्हणाला, हा कडू माल उकळून स्पिरिट काढायला नेतो, येईल त्या भावात देऊन टाकू. टँकर आला आणि अख्खी टाकी घेऊन गेला. नांदायला जाणाऱ्या लेकीचं एखादं लुगडं माहेरी राहतं, तशा सुंदररावांनी त्यातल्या दोन बाटल्या भरून धान्याच्या खोलीत ठेवल्या. हॉटेलवाल्याला स्वतः जाऊन सांगून आले, यंदा माझा माल तुमच्या लायकीचा नाही.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात चौसाळ्यात कीर्तन झालं. आरती झाली, लोक महाराजांच्या पाया पडायला रांगेत लागले, आणि रांगेतून तानाजी पुढं आला. हातात तुळशीची माळ होती. म्हणाला, "महाराज, माझ्या गळ्यात घाला."

सुंदररावांनी टाळ खाली ठेवला आणि तिथंच रडायला लागले. एवढा आनंद त्यांना परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता. मेहुण्याला मिठी मारली, नवं धोतर नेसवलं, घरी पुरणाची पंगत घातली. वच्छलाबाई, सुंदररावांची बायको, भावाला वाढताना म्हणाल्या, "आता चाखायचं कुणी?"

"मला काय इचारतीस," तानाजी पानाकडं बघत म्हणाला. "माझ्याकडून आता व्हायचं न्हाई, दाजी."

"न्हाई झालं तर न्हाई," सुंदरराव म्हणाले. "जीभ देवाला दिलीस, मी कोण मागणारा."

पुढं तानाजीनं आपल्या गावी, उमापूरला, खत-बियाण्याचं दुकान टाकलं. उद्घाटनाचा नारळ सुंदररावांनीच फोडला. मग ते एकटेच उरलेला जुना माल घेऊन रस्त्याला लागले. गिऱ्हाइकं म्हणायची, जीभ कुठं गेली. ते कौतुकानं सांगायचे, माळकरी झाला.

पावसाळ्यानंतर एकदा मोहनरावांकडं गेले, तर मोहनरावांनी आपण होऊन एक बाटली पुढं केली. लेबल सोनेरी, नाव 'शाही संध्या'.

"मालक, हिचा वास घेऊन बघा. सोलापूरचा एक व्यापारी आणून देतो. तुमच्या मालाची बहीण वाटती मला."

सुंदररावांनी बूच काढलं. नाकाशी नेलं. जांभूळ, खालून ओली माती, आणि त्याच्याही खाली ते जे टाकी उघडताना आलं होतं आणि ज्याला त्यांना नाव देता आलं नव्हतं. आई डोळे झाकून पोराचं डोकं हुंगते आणि आपलं कुठलं ते सांगते, तसं त्यांना कळलं.

"लोकांना कडू लागत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"कडू? परळीचे इंजिनियर साहेब पेट्या घेऊन गेले की. म्हणले, अशी कुठं मिळत न्हाई."

"व्यापाऱ्यानं कडूपणा काढला असंल."

मोहनरावांनी त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. बारा गावचे लोक बघितलेला माणूस. "काढता येतो का, मालक, कडूपणा?"

"येत असंल."

"तुमालाच ठाव," मोहनराव म्हणाले, आणि बाटली परत फळीवर ठेवली.

घरी येईपर्यंत सुंदररावांनी व्यापाऱ्याच्या बाजूनं शंभर कारणं काढली. काहीतरी मिसळलं असेल. गाळलं असेल. मुरल्यावर आपोआप गेला असेल. तानाजी खरंच बोलला असेल. पण धान्याच्या खोलीत त्याच टाकीच्या दोन बाटल्या होत्या, त्यांना व्यापाऱ्याचा हात लागला नव्हता. त्या कडू निघाल्या तर तानाजी खरा. न निघाल्या तर खोटा. एवढी सरळ गोष्ट होती, आणि ती सांगायला जीभ नव्हती.

वच्छलाबाईंनी माळ घातलेली नव्हती. त्यांच्या माहेरच्या देवीला बोकड लागायचा आणि तो प्रसाद माहेरवाशिणीला नाकारता यायचा नाही, म्हणून त्या म्हणायच्या, देवी सोडील तेव्हा घालीन. दारू मात्र त्यांनी उभ्या जन्मात चाखली नव्हती. दुपारी गडीमाणसं वावरात गेल्यावर सुंदररावांनी बाटली आणि फुलपात्र त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे काय?"

"एक घोट घे. कडू लागती का सांग."

"मला काय कळतंय त्यातलं."

"कडू कळायला काय लागतं. औषध कडू लागतंय ते कळतंय ना?"

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं. "ही कंची बाटली?"

"टँकरमधे गेली ती टाकी."

त्या सगळं समजल्या. संसारात एवढी वर्षं काढलेल्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही. "माझ्या भावाची पारख माझ्या तोंडानं करून घेताय व्हय?" त्या म्हणाल्या.

"मला स्वतःच्या तोंडानं करता येत न्हाई."

"मग सोडून द्या की. गेली ती टाकी. कडू असली तर काय अन नसली तर काय, परत थोडीच येणार हाय?"

"टाकीचं काय न्हाई. मला रस्त्यावर एकट्यानं जावं लागतंय. डोस्क्यात हेच चालतंय, बुच्चन् बूच उघडताना. एकदा कळू दे."

वच्छलाबाईंनी फुलपात्र उचललं. देवाला नमस्कार करतात तसे डोळे मिटले आणि घोट घेतला. चेहरा आक्रसला. सुंदररावांच्या जिवात जीव आला. मग तो चेहरा हळूहळू सैल झाला, आणि वच्छलाबाईंनी फुलपात्र पुन्हा ओठाला लावून आणखी एक घोट घेतला, सहज, तहान लागल्यासारखा.

मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "कडू हाय."

सुंदरराव फुलपात्राकडं बघत बसले. कडू लागलेलं माणूस दुसऱ्यांदा तोंडाला लावत नाही.

"कडू हाय," वच्छलाबाई पुन्हा म्हणाल्या. "दादा म्हणला तशीच हाय."

"बरं," सुंदरराव म्हणाले. उरलेली बाटली त्यांनी परसात नेऊन केळीच्या बुडाशी ओतली. माणूस एकाच गोष्टीत दोनदा फसवला गेला की त्याला राग येत नाही. थंडी वाजते.

उमापूरला सप्ताह बसल्याचा निरोप आलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदररावांनी गाडीतून खोकी खाली काढली आणि गाडी झाडून घेतली. वच्छलाबाई न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मांजरसुंबा गेलं, बीड गेलं, गेवराईच्या पुढं ऊस लागला. वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला काय बोलू नका. पाव्हणे-रावळे असत्याल." सुंदररावांनी गियर बदलला.

दुपारची वेळ होती. उमापूरच्या मंदिरापुढं मांडव होता आणि मांडवात जवळजवळ कुणी नव्हतं. बायका मागं पंगतीचं निवडत होत्या, पारायणाला बसलेले जेवून कलंडले होते. मधोमध तानाजी उभा होता. पांढरं धोतर, कपाळाला गंध, गळ्यात वीणा. डोळे अर्धे मिटलेले, बोट तारेवर, आणि तोंडात एकसारखं, रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी.

सप्ताहातली वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकानं गळ्यात घ्यायची, त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं. ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. आणि मांडवात येईल त्यानं, मग तो पाटील असो की फौजदार, आधी वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. पाया माणसाच्या पडत नाहीत, वीणेच्या पडतात. सुंदररावांना हे ठाऊक होतं. शंभर मांडवांत ते असे वाकले होते. या मांडवात मात्र त्यांना वाकायला वेळ लागला. वच्छलाबाई मागं थबकल्या.

सुंदरराव वाकले. तानाजीच्या पायाच्या बोटांवर कपाळ टेकलं.

"टाकी कडू होती का, तानाजी?" त्यांनी तसंच वाकलेलं असताना विचारलं.

वर नाम चालू राहिलं. रामकृष्ण हरी. आवाज चिरकला, पण थांबला नाही.

सुंदरराव उभे राहिले. तानाजीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो त्यांच्याकडं बघत नव्हता. काय करावं, सुंदररावांना कळेना. वीणा गळ्यात असलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर ओढता येत नाही. शिवी देता येत नाही. उत्तर मागता येतं, पण त्याला ते देता येत नाही. मग त्यांनी एकच गोष्ट केली, जी मांडवात कुणीही करू शकतो. त्यांनी मान पुढं केली, म्हणजे आण, मी घेतो पहारा.

तानाजीनं वीणा उतरवली आणि दाजींच्या गळ्यात घातली. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"कडू न्हवती, दाजी," तो म्हणाला.

रामकृष्ण हरी, सुंदरराव म्हणाले. बोट तारेवर गेलं होतं.

"तशी वाइन तुमी कधीच केली न्हवती. घोट तोंडात आला अन मला कळलं, आता औरंगाबाद, आता मुंबई, आता ही जीभ काय सुटत न्हाई." तानाजी पायांशीच बसला. आवाज हळू होता, मागं बायकांना ऐकू जाऊ नये इतका. "त्याच्या आदीच माझ्या प्रियदर्शनीला बघायला पाथर्डीकडचे पाव्हणे आलते. पोरगी पसंत पडली. जाताना फाट्यावर चहाला थांबले, अन कुणीतरी सांगितलं, पोरीचा बाप पितो. सोयरीक मोडली. कुणासाठी पितो ते न्हाई सांगितलं कुणी."

रामकृष्ण हरी.

"तुमची माळ ऱ्हावी म्हणून घोट माझ्या नरड्यातून गेला. तुमी महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभे, अन मी लिंबाखाली गाडीत. कर्ण्यातून ऐकायचं. एकदा तरी तुमी म्हणायचं होतं दाजी, तान्या, आज चाखू नको, आज मांडवात चल."

सुंदररावांना म्हणायचं होतं, तू सांगितलं का न्हाईस. ते ओठांपर्यंत आलं आणि नाम होऊन बाहेर पडलं. त्याच्या मागोमाग दुसरं आलं, जे जास्त कठोर होतं: जीभ नको होती तर नाही म्हणायचं होतंस, माझी टाकी कशाला विकलीस. तेही तसंच गेलं.

तानाजीला ते ऐकू आल्यासारखं तो म्हणाला, "न्हाई म्हणता येईना. आमी लेक दिलेलं घर. जावयाला न्हाई म्हणायचं असतं का कुणी? खोटं बोलणं सोपं वाटलं मला. व्यापारी म्हणला, एक टाकी काढून दे, दुकान टाकून देतो. मी म्हणलं, दुकान झालं की सुटलो. माळ घेतली ती मात्र खोटी न्हाई. आईशप्पत खोटी न्हाई."

सुंदररावांना ती रांग आठवली, धोतर आठवलं, पुरण आठवलं. त्या दिवशी गाळलेले अश्रू परत घेता येत असते तर त्यांनी घेतले असते. माळ खरी होती, यानं ते जास्तच दुखत होतं. त्यांची अवघी वाइन कुणा सोनेरी लेबलाखाली साहेब लोकांच्या टेबलावर वाहत होती, चांगली म्हणून नावाजली जात होती, आणि ती त्यांच्या हातची आजवरची सगळ्यात चांगली वाइन आहे हे जगात पहिल्यांदा या एका माणसाला कळलं होतं. त्यानंच ती कडू म्हटली होती.

मागून पाण्याचा तांब्या घेऊन वच्छलाबाई आल्या. भाऊ पायांशी, नवरा वीणा घेऊन उभा. तांब्या त्यांनी खांबाशी ठेवला. पदर सावरला. नवऱ्याच्या तोंडाकडं नाही, वीणेच्या भोपळ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "मी बी खोटं बोलले. कडू न्हवती. मला चांगली लागली."

मग त्या भावाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. दोघंही वर बघत होती, उत्तराची वाट बघितल्यासारखी.

"बोला की काहीतरी, दाजी," तानाजी म्हणाला. "शिव्या द्या. पण बोला."

रामकृष्ण हरी, सुंदरराव म्हणत राहिले. आवाज हळूहळू एका पट्टीवर स्थिर झाला.

ऊन उतरलं तेव्हा पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला, सिदू गुरव. हातपाय धुऊन, टोपी घालून आला होता. तो सुंदररावांच्या पाया पडला आणि रिवाजाप्रमाणं मान पुढं केली. सुंदररावांनी वीणा छातीशी धरली आणि एक पाऊल मागं सरकले. वीणा उतरली असती तर बोलावं लागलं असतं. तोंडाशी आलेलं एकही वाक्य त्यांना मांडवात बोलण्यासारखं वाटत नव्हतं, आणि मांडवाबाहेर बोलण्यासारखंही.

सिदूला वाटलं, पाहुण्यांना समजलं नाही. "पाव्हणे, तुमचा झाला पहारा. आणा हिकडं."

सुंदररावांनी मान हलवली. डोळे मिटलेले. बोट तारेवर.

सिदूनं खाली बसलेल्या तानाजीकडं पाहिलं, वच्छलाबाईंकडं पाहिलं.

"बरं, धरा," तो म्हणाला. "जावयाला हौस हाय, आपण कशाला मोडा." आणि तो कीर्तनासाठी सतरंज्या आणायला मंदिरात गेला.